घराएवढा चिमटा

यशवंतभाऊ ओव्हाळांनी मला पहिल्यांदा घाबरवलं ते चिमट्यानं. चिमटा साधाच होता, चुलीतले निखारे उचलायचा असतो तसा. फक्त तो आमच्या घराएवढा होता आणि पवनेच्या पाण्यावर, धुक्यात, काळाकुट्ट उभा होता.

तिकोणा पेठेत, पवना धरणाच्या तळ्याकाठी आमचे तंबू आहेत. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात, मी त्यांना पिठलं-भाकरी करून घालते. त्या संध्याकाळी मी तंबूच्या दोऱ्या ताणत होते. समोरच्या तिकोणा गडावरून धुकं उतरून पाण्यावर बसलं होतं. मान वर केली तर समोर चिमटा. मी डोळे चोळले, तेवढ्यात तो सावकाश उघडला आणि सावकाश मिटला. माझ्या हातातली दोरी सुटली, तंबू बसला, मीही बसले. आमचे हे चाकणला कंपनीत, शिफ्टवर. हाक मारायची तरी कुणाला?

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "वैनी, भ्यालात का?"

"व्हय," मी कसंबसं म्हटलं.

"बेस झालं." आणि चिमटा विझला.

काठावर भाऊ बसले होते. मांडीवर जुन्या जीपचा दिवा, शेजारी बॅटरी, हातात तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला वीतभर चिमटा. दिव्यासमोर तो धरला की धुक्यावर त्याची ही एवढी सावली पडायची. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊंनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि वर म्हणाले, "तुमी लय चांगलं भेता, वैनी."

यशवंतभाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोत पॅकिंगला होते. जन्मभर लाकडी खोक्यांना खिळे ठोकले. घोरावाडी स्टेशनाजवळ एका खोलीत आई आणि ते, दोघंच. लग्न केलं नाही. बायकोचीही भीती वाटत असेल, असं मी आपलं म्हणते. आई गेली, नोकरी संपली, तसे ते गावाला परत आले आणि आमच्या शेजारच्या घरात राहू लागले.

भाऊ कशाला भितात हे सांगण्यापेक्षा कशाला भीत नाहीत ते सांगणं सोपं जाईल, पण ते मला अजून सापडलेलं नाही. फिरत्या पंख्याखाली ते बसत नाहीत. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर पुढच्या गाडीनं जातात. लग्नात अक्षता टाकायच्या आधी मांडवाचे खांब हलवून बघतात; आमच्या पुतण्याच्या लग्नात एक खांब खरंच हलला आणि तो यांनीच हलवून सैल केला, असं अजून आमच्या दिरांचं म्हणणं आहे. जयंतीच्या मिरवणुकीत सगळा गाव स्पीकरपुढे नाचतो आणि भाऊ निळा फेटा बांधून, कानात कापूस घालून, स्पीकरच्या गाडीला मागून हात लावून चालतात. गाडी मागे घरंगळली तर?

आणि गावात कुणीही कुठेही निघालं की त्यांचं एकच वाक्य, "आधी भ्या, मंग जा."

ही भीती त्यांच्यात उपजत होती की पुस्तकांतून आली, हे कोडं आहे. पुस्तकं म्हणजे जुनी इंग्रजी कॉमिक्स. देहूरोडला कुणा लष्करी साहेबांची बदली झाली, सामान बांधायला भाऊ गेले आणि साहेबांच्या मुलांनी टाकून दिलेला पिवळा पडलेला गठ्ठा घेऊन आले. भाऊंना इंग्रजी येत नाही. त्यांनी चित्रं वाचली. वर्षानुवर्षं, पानं सुटेपर्यंत वाचली.

त्यात एक घट्ट कपड्यांतला वीर आहे. त्याच्या कमरेला चकाकता पट्टा. संकट आलं की पट्ट्यातून नारिंगी उजेड निघतो आणि त्या उजेडाची वस्तू होते. आग लागली की डोंगराएवढी किटली. चोर पळाले की भली मोठी पेटी, चोर तिच्यात पडतात आणि खटकन वर उडतात. ती पाव भाजायची पेटी आहे हे माझ्या मुलीनं, पल्लवीनं सांगितलं, पण भाऊंना ते पटलं नाही. "चोर भीतीनं उडत्यात," ते म्हणाले. चेंडू घरंगळवून पाडायच्या लाकडी बाटल्या त्यांच्या लेखी मुसळं होती. आणि इमारतीवरून कुणी पडलं की त्याला झेलायला एक प्रचंड, फुगीर, चामड्याचा पंजा यायचा. तिकडच्या खेळात चेंडू झेलायचा हातमोजा तो. भाऊ त्याला सुजलेला हात म्हणायचे.

"सुजला कशानं, भाऊ?" मी विचारलं.

"भीतीनं! समोर माणूस पडतंय. तुमचा न्हाई सुजायचा?"

पल्लवी लोणावळ्याला कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी तिथेच एका हॉटेलात काउंटरवर बसते. इंग्रजी तिला बरं येतं. एका रविवारी ती भाऊंच्या ओट्यावर बसून वीराच्या तोंडचे शब्द वाचायला लागली. निघालं भलतंच. वीर प्रत्येक पानावर बढाया मारत होता, की भीती कशी असते ते मला ठाऊकच नाही. पल्लवी हसायला लागली. मला वाटलं, गेलं, भाऊंचं देव्हाऱ्यातलं दैवत फुटलं.

भाऊ जराही हलले नाहीत. "खोटं बोलतंय ते," म्हणाले. "तोंडाकडं बघ त्याच्या. भ्यालेला माणूस आशीच बडबड करतो. आगं, जो भ्याला न्हाई त्याला किटली कशाला सुचंल? तो आपला हुबा ऱ्हाईल छाती काढून. वस्तू भिणाऱ्यालाच सुचती."

पल्लवी वाकून वीराच्या तोंडाकडे बघायला लागली. मीही बघितलं.

पण तत्त्वज्ञान वेगळं आणि धंदा वेगळा. चिमट्यानंतर झारा आला, झाऱ्यानंतर सूप आलं. आमचे पाहुणे तळ्यात उतरायला लागले की धुक्यात काहीतरी अजस्र उभं राही. भाऊंचा हेतू चांगला होता हे मला कळत होतं. या पाण्यानं माणसं नेलेली आहेत. बाहेरून येणाऱ्याला ते गुडघाभर वाटतं आणि पुढच्याच पावलाला पायाखालची जमीन नाहीशी होते. मी स्वतः पाहुण्यांना पाण्यात जाऊ नका म्हणून सांगते. पण सांगणं निराळं आणि आभाळातून सूप दाखवणं निराळं. एकदा पिंपरीची एक मंडळी गाणी म्हणत शेकोटीला बसली होती. त्यांच्यातल्या एका बाईनं तो झारा पाहिला. अर्ध्या तासात तंबू रिकामे. जाताना ती मला म्हणाली, "ताई, जागेची शांत करून घ्या."

त्या संध्याकाळी मी भाऊंच्या दारात उभी राहिले. "भाऊ, तुमचा झारा माझ्या पोटावर पाय देतोय. पुन्यांदा तळ्यावर दिवा लावलेला दिसला तर दिव्यासकट पाण्यात टाकीन."

"मला?" त्यांनी विचारलं.

"दोगांना!"

भाऊ खरंच घाबरले. दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर काही उगवलं नाही. संध्याकाळ झाली की ते दिवा आणि बॅटरी पिशवीत घालून कुठेतरी निघून जायचे. कुठे जातात ते मी विचारलं नाही. म्हटलं, जिथे जातील तिथल्यांचं नशीब.

मग श्रावणात एक दिवस असा आला की दुपारपासूनच समोरचा गड दिसेना. पाऊस झिमझिमत होता आणि धुकं खिंडीतून रस्त्यावर उतरून बसलं होतं. चार वाजता पल्लवीचा फोन आला, की आज हॉटेल रिकामंच आहे, मी लवकर निघते. मग फोन लागेना. आमच्या भागात रेंज म्हणजे लहरी सासू. म्हणून आधी मी काळजी केली नाही. चूल पेटवली, पीठ मळलं. एरवी जेवढ्या वेळात ती येते तेवढा वेळ गेला. आणखी तेवढाच गेला.

तेवढ्यात दूधवाला ओला होऊन आला आणि ओट्याखालूनच म्हणाला, "वळणावरचा रस्ता खचलाय, मावशी. दुपारीच निम्मा खाली गेला. मी शेतातनं आलो."

तळ्याकडेचं वळण. तिथे रस्त्याला एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाली पाणी. पल्लवीची स्कूटी रोज तिथूनच येते.

मी चप्पलसुद्धा घातली नाही. धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी पळत होते आणि पळताना माझं डोकं त्या वळणावर आधीच जाऊन पोचलं होतं आणि नको ते बघत होतं. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. सुचलं काय, तर एक भला मोठा झारा. पाण्यात घालून हळूच वर उचलावा असा. स्वतःची लाज वाटायलासुद्धा सवड नव्हती.

वळणाच्या अलीकडे आले आणि थबकले. समोर, धुक्यात, रस्त्याच्याही वर, तो हात उभा होता. फुगलेला, जाडजूड बोटांचा, डोंगराएवढा, आणि थरथरत होता. त्याच्या पलीकडे कुठेतरी स्कूटीचा आवाज येत होता. आवाज जवळ आला. मग एक किंकाळी, ब्रेकची चरचर, आणि काहीतरी घसरत आपटल्याचा आवाज.

नंतर काहीच नाही.

"पल्ले!" मी ओरडले.

"आई?" पलीकडून रडवेला आवाज आला, आणि लगेच संतापून, "कोण येडं हाय हितं?"

शिव्या ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल. मी पुढे धावणार तोच दिव्यामागून भाऊंनी येऊन मला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्या पायापुढे रस्ता नव्हता. डांबर भाकरीसारखं तुटून खाली गेलं होतं. भाऊंनी अलीकडे-पलीकडे दगड मांडले होते, पण धुक्यात दगड कुणाला दिसतात? हात दिसला. पल्लवी घाबरली, तिनं करकचून ब्रेक दाबला, स्कूटी आडवी झाली आणि ती गुडघे फोडून घेऊन दगडांच्या पलीकडे बसली होती. डोंगराच्या अंगाला चिकटून हळूहळू ती आमच्याकडे आली. मी आधी तिला मिठी मारली आणि मग एक चापट दिली. का दिली ते आयांना विचारा.

मग मी भाऊंकडे पाहिलं. ते आमच्या दोघींपेक्षा जास्त कापत होते. दुपारी रस्ता खचल्यापासून माणूस तिथे भिजत उभा होता. त्या डोंगराखाली, त्या पाण्यावर. पंख्याखाली न बसणारा माणूस.

"वैनी, भांडू नका," ते घाईघाईनं म्हणाले. "तळ्यावर न्हाई लावला दिवा. रस्त्यावर लावला."

"भाऊ, आज बरं हितं होता तुमी," मी म्हटलं.

"आज कुटं?" पल्लवी गुडघ्याचं रक्त पुसत म्हणाली. "काका रोजच असतात हितं. धुकं असलं की नुसता दिवा लावून ठेवतात, हा हात आजच काढला. मी गेले की मागनं चालत घरी जातात. तू भांडली होतीस, म्हणून तुला सांगितलं न्हाई."

भाऊंनी दिवा विझवला आणि उगीचच वायर गुंडाळत बसले.

"आई होती तवर बरं होतं," ते वायरीलाच सांगितल्यासारखं बोलले. "ती जिना उतरायची, मी भ्यायचो. ती रूळ वलांडायची, मी भ्यायचो. लय शिव्या द्यायची. आता घरात भ्यायला कोण न्हाई, वैनी. सोतासाठी किती भ्यायचं माणसानं? मंग ही पोर रोज जाती-येती. म्हटलं, हिच्यासाठी भ्यावं. तुमचं काय जातंय?"

मी पदरानं त्यांचं डोकं पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. त्यांनी पुसू दिलं.

पुढच्या आठवड्यात सरकारी माणसं आली, पिंपं मांडली, रस्ता भरून घेतला. धुकंही गेलं. स्वच्छ ऊन पडलं, गड माथ्यापर्यंत दिसू लागला. पल्लवीनं फोन करून सांगितलं होतं की निघाले म्हणून. तरी संध्याकाळ झाली तशी मी पोळपाट बाजूला सारला आणि वळणापर्यंत चालत गेले.

भाऊ बसलेले होतेच. दिवा नाही, बॅटरी नाही, नुसतेच. मला बघून दचकून उठले. "काय झालं, वैनी?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "भीती वाटली."

भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि दगडावर थोडं सरकून मला बसायला जागा करून दिली.