बारा नंबरच्या आजींचं स्थिर वजन

माणूस खोटं बोलेल, पण काटा खोटं बोलत नाही. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांत काट्याला फारसं बोलू देत नाहीत.

आठव्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर नोकरीत नव्या होत्या, तेव्हा एवढं शास्त्र नव्हतं. वॉर्डात एक करकरणारा लोखंडी काटा होता. दर सोमवारी पेशंटला त्यावर उभं करायचे. वजन घटलं की तेव्हाच्या मोठ्या सिस्टर बाह्या सरसावून स्वयंपाकघरात भांडायला जायच्या. काय तो मागासलेपणा!

आता प्रगती झाली. दाखल पेशंटांचं वजन नियमित व्हावं म्हणून समिती बसली. शंभरातल्या एकोणतीस जणांचंच वजन केलं जातं, असं तिला आढळलं, कारण काट्यात सेल नव्हते. ते भिंतीवरच्या घड्याळात होते. (घड्याळ बंद पडलं, तर ड्यूटी संपली हे कळणार कसं?) मग नवा काटा आला. तो इतका नाजूक निघाला, की कुणी चुकून त्यावर उभं राहू नये म्हणून कपाटात गेला.

तेव्हा समितीने सुधारित पद्धत काढली: पेशंटलाच विचारायचं. बायका लग्नातलं वजन सांगत, पुरुष व्यायाम सोडला तेव्हाचं. बेशुद्ध पेशंटांनी सर्वाधिक सहकार्य केलं. त्यांचं मागचंच वजन पुढे चालू राही. नोंदी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेल्या. (उरलेले दोन टक्के चहाला गेले होते.) खाली सही मोठ्या सिस्टरांची.

त्यात बारा नंबरच्या आजी म्हणजे वॉर्डची शान. मांडीचं हाड मोडून आल्या तेव्हा बावन्न किलो, नंतरही दर आठवड्याला बावन्नच. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांचं खास कौतुक केलं.

एका सकाळी बदलायची चादर सिस्टरांनी उचलली, तर चादरीबरोबर आजीही अलगद वर आल्या.

"आजी, जेवता ना हो?"

"ताट येतं गं बाई रोज. त्या खिडकीपाशी टेबलावर ठेवतात. मी बघते त्याच्याकडे, मग ते जातं."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"इथे सगळे वजन विचारतात. जेवणाचं कोण विचारतंय?"

सिस्टरांनी आजींना चाकाच्या खुर्चीत घालून धुलाईच्या गाठोड्यांच्या काट्यावर नेलं. खुर्ची वजा जाता एकेचाळीस. समिती तातडीने बसली. धुलाईचा काटा माणसांसाठी प्रमाणित नसल्याने आजींचं वजन बावन्नच राहील, असं ठरलं. टेबल सरकवणं समितीच्या अखत्यारीत येत नव्हतं. ते सिस्टरांनी सरकवलं, आणि चमचाही स्वतःच हातात घेतला.

संध्याकाळी आजींचा मुलगा आला आणि सिस्टरांकडून एकेचाळीसचा आकडा ऐकून दारातच थबकला.

"मी रोज येतो हो, सिस्टर! रोज विचारतो, जेवलीस का? ही हो म्हणते."

"तू घाईत असतोस रे," आजी म्हणाल्या. "नाही म्हटलं असतं, तर तुला बसावं लागलं असतं."

मुलगा मोबाइल खिशात घालून स्टुलावर बसला. आजी हळूहळू भरताहेत. कागदावर मात्र अजून बावन्नच आहेत.

वाचकांना समितीचं हसू आलं असेल, तर खुशाल हसावं. तुम्हीही परवा आईला फोन केलात, 'जेवलीस का?' विचारलंत, 'हो' ऐकलंत आणि निर्धास्त झालात. समितीत एक जागा रिकामी आहे. अनुभव पुरेसा धरला जाईल.