ओरखडा, नग एक

खात्याच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या उजव्या दारावर सोमवारी सकाळी एक ओरखडा आढळून आला. लांबी अकरा सेंटिमीटर. गाडी शनिवारपासून रस्त्याच्या कडेला उभी होती.

गाडीचे चालक, ज्यांना अख्खं खातं मामा म्हणतं, महिनाअखेर निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत त्यांनी खात्याच्या कुठल्याच गाडीला साधा पोचा येऊ दिला नव्हता. आता 'निष्कलंक सेवेचा दाखला' घ्यायचा आणि लेकीकडे जाऊन तीन महिन्यांच्या नातीला मांडीवर घ्यायचं, एवढाच त्यांचा बेत होता. दाखल्याशिवाय मात्र खातं कोणाला सोडत नसे.

"मॅडम, रंगाची छोटी बाटली मिळते. दहा मिनिटांचं काम आहे, जेवणाच्या सुट्टीत उरकतो," मामा म्हणाले.

"मनाला येईल तसं रंगवायला ही काय तुमच्या घरची खिडकी आहे?" खातेप्रमुख मॅडमनी विचारलं आणि त्रिसदस्यीय रंगनिश्चिती समिती नेमली. तिघांपैकी दोघांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्न मिटला.

दाराच्या चौकटीवर रंगाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाची बाटली आली. पण गाडीने दहा उन्हाळे अंगावर काढले होते. बाटलीतला पांढरा तिच्यापुढे उगाच उजळ दिसू लागला. समितीने आणखी चार पांढरे मागवले. कुठला जुळतो ते लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं आणि मूळ ओरखड्याला हात लावायची सोय नव्हती, कारण तो पुरावा होता. तेव्हा हेडक्लार्कांनी कपाटाची किल्ली घेतली आणि पट्टी लावून दारावर अगदी तसेच पाच ओरखडे पाडले.

"अहो, काय करताय!" मामा धावत पुढे आले.

"चाचणी," हेडक्लार्क म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त नीटनेटका होता.

सकाळच्या उन्हात एक रंग जुळला, दुपारी दुसराच, ढग आल्यावर तिसरा. प्रत्येक प्रकाशासाठी स्वतंत्र पाच ओरखडे पाडण्यात आले आणि बघून झाल्यावर त्यांतला रंग पुसून टाकण्यात आला. अखेर चौथा पांढरा एकमताने मंजूर झाला आणि मूळ ओरखडा भरण्याचा आदेश निघाला. तेव्हा कळलं की दारावर सोळा ओरखडे आहेत आणि त्यांतला मूळ कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही.

"सगळे बरोबर अकराचे आहेत," हेडक्लार्क कौतुकाने म्हणाले.

मामांनी कोणाला न विचारता बाटली उचलली. दार धुऊन वाळवलं, काडीच्या टोकाने थेंब थेंब रंग सोळाही ओरखड्यांत भरला, वाळल्यावर वरून चकाकीचा हात दिला. संध्याकाळपर्यंत दार लख्ख झालं. मामांच्या हातात कसब होतं आणि तेच नडलं. दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला आली, तर मूळ ओरखडा जागेवर नाही.

"नोंदवहीत आहे, जागेवर नाही. म्हणजे गहाळ," मॅडम म्हणाल्या. अहवालात लिहिलं गेलं: ओरखडा, नग एक, चालकाच्या ताब्यात असताना हरवला.

"अहो मॅडम, भरला म्हणजे दिसेनासा होणारच ना!"

"आदेश एकाचा होता, तुम्ही भरलेत सोळा. मूळ ओरखडा हजर करा, आम्ही तो नियमाने भरू, मग दाखला. तोवर तुम्ही कामावर."

मामांनी फोनवर लेकीने पाठवलेला फोटो बघितला. नात पालथी पडायला लागली होती. त्यांनी हेडक्लार्कांकडून किल्ली मागून घेतली, डोळे मिटले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गाडीवर ओरखडा ओढला.

"सापडला, मॅडम."

पट्टी लावली, अकरा भरला. समितीने तो नियमाने रंगवला आणि मॅडमनी समाधानाने सही केली. निष्कलंक सेवेचा दाखला खिशात घालून मामा त्याच संध्याकाळी लेकीकडे निघाले, आणि नातीने त्यांची मांडी लगेच ओली केली असं ऐकतो.

समितीचा अहवाल त्रेचाळीस पानांचा आहे. त्यात ऊन आहे, ढग आहेत, पाच पांढरे आहेत. ओरखडा मुळात पाडला कोणी, हे मात्र कुठेच विचारलेलं नाही. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा. त्या रविवारी शेजारून गाडी काढताना करकर आवाज झाला, तुम्ही काच खाली करून इकडेतिकडे बघितलंत, कोणी नाही म्हणून निघून गेलात आणि वाटेत स्वतःच्या गाडीपुरती एक बाटली घेतलीत. रंग छान जुळलाय हो. अजिबात कळत नाही.