डॉक्टरांची मिशी आणि मालकांची सिगारेट

दवाखान्यात डॉक्टरांनी "सिगारेट?" असं विचारलं, की मालकांच्या आधी मालकीणबाईच उत्तर द्यायच्या. "छे हो! सात वर्षं झाली सोडून. नुसता वास आला तरी तोंड फिरवतात." डॉक्टर फाइलमध्ये 'नाही' लिहायचे आणि मालक भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत बसायचे.

मालक म्हणजे केशकर्तनालयाचे मालक. दुकानात खुर्च्या दोन आणि माणूस एकच, त्यामुळे कारागीरही तेच. सात वर्षांपूर्वी दमा निघाला तेव्हा त्यांनी बायकोला शब्द दिला आणि तो चांगला अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवसापासून ते दुकानामागच्या खोलीत दिवसाला सहा-सात ओढू लागले. घरी जाण्यापूर्वी गालांना आफ्टरशेव्ह चोपडायचं, दोन लवंगा चघळायच्या, की झालं. नवरा या वयातही किती टापटीप राहतो, म्हणून मालकीणबाईंना त्याचंही कौतुक. 'आमच्या ह्यांनी एका शब्दावर सोडली' हे त्यांनी साऱ्या बिल्डिंगला ऐकवलं होतं. शेजारणींचे नवरे त्यामुळे मालकांवर डूख धरून होते.

दमा मात्र हटेना. डॉक्टरांनी पंप बदलला. गोळी अर्धीची एक केली, एकीच्या दोन केल्या. "एवढ्या औषधानं घोडा धावायला लागला असता," ते म्हणायचे. "तुम्हालाच कसा गुण येत नाही?" मालक अशा वेळी हवा बदलल्याचं बोलायचे.

मग एका दुपारी मागच्या खोलीत त्यांना जोराची धाप लागली. खिशातून पंप काढला आणि समोरच्या जुन्या आरशात त्यांचं लक्ष गेलं. एका हातात पंप, दुसऱ्या हातात पेटलेली सिगारेट, आणि आधी कोणतं तोंडाला लावावं या विचारात पडलेला एक पन्नाशीचा माणूस! मालकांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी पाकीट पाण्यात बुडवलं आणि खरोखर सोडली.

हे सांगायचं कुणाला? सात वर्षांपूर्वी सोडलेली गोष्ट आज सोडली म्हणून कोण पाठ थोपटणार! मालकांनी एकट्यानंच दिवस काढले. पण पाचव्या दिवसापासून छातीत धडधडू लागलं, झोप उडाली आणि हात थरथरायला लागले. चहाची कपबशी हातात वाजायची. मालकीणबाई बघत होत्या.

"खरं सांगा," त्या एकदा म्हणाल्या, "पुन्हा सुरू केलीत ना?"

"आईशप्पथ नाही!"

सात वर्षांतली ही त्यांची पहिली खरी शपथ. सवय नसल्यामुळे ती अगदी खोटी वाटली.

दहाव्या दिवशी, शनिवारी, डॉक्टर नेहमीसारखे दाढीला आले. डॉक्टरांची मिशी तीस वर्षांची, दोन्ही टोकांना वळलेली, आणि तिच्या कडा फक्त मालकांनीच कोरायच्या असा शिरस्ता. मालकांनी श्वास रोखून वस्तरा टेकवला. हात थरथरला आणि मिशीची उजवी बाजू फेसासकट टॉवेलवर आली. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

डॉक्टर आरशात बघत राहिले. मग मिशीबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी मालकांचं मनगट पकडलं. "नाडी केवढी पळतेय! गोळ्या दोनच घेता ना?"

"दोनच."

"कमाल आहे. भरपूर ओढणाऱ्यानं एकदम सोडली तर याच गोळ्या अशा चढतात. पण तुमचा तो प्रश्नच नाही."

"प्रश्नच नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग हृदयाचं काहीतरी दिसतंय. आजच मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हा."

मालकीणबाईंच्या हातातला डबा खाली टेकला आणि डोळे भरून आले. एरवी कशालाही न डगमगणारी बायको दुकानाची भिंत धरून उभी राहिलेली मालकांना बघवेना.

"सोडली," ते पुटपुटले. "दहा दिवस झाले."

डॉक्टर खुर्ची फिरवून त्यांच्याकडे वळले.

"धुरामुळे ही गोळी अंगात टिकतच नव्हती," ते म्हणाले. "पंपाचाही म्हणून गुण येत नव्हता. मी आपला फाइल बघून औषध वाढवत बसलो! आता धूर थांबला, आणि तीच गोळी साचायला लागली. चला दवाखान्यात, आत्ताच रक्त तपासू. मी सांगेपर्यंत गोळी बंद. आणि सिगारेट पुन्हा धरलीत तर गाठ माझ्याशी आहे. आता ही उरलेली बाजूही काढायला हवी."

मालकांनी वस्तरा उचलला.

"तुम्ही नको," म्हणत डॉक्टरांनी तो हातातून काढून घेतला.

मालकीणबाई पुढे चार दिवस बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, गोळ्यांचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवायच्या, आणि जिन्यात शेजारीण भेटली की मान खाली घालायच्या. मालकांना ते शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी दोघं दवाखान्यातून परतले. बंद केलेली गोळी निम्मी करून पुन्हा सुरू झाली होती, हात स्थिर झाले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर मालक नेहमी कठडा धरून पाच मिनिटं धापा टाकत उभे राहायचे. चार दिवसांचं साठलेलं सगळं तिथेच बाहेर काढायचं, असं मालकीणबाईंनी ठरवलं होतं. पण मालक थांबलेच नाहीत. त्यांना गाठायला मालकीणबाई तरातरा चढल्या आणि वर पोचेपर्यंत चांगल्याच धापा टाकू लागल्या. दार उघडं होतं आणि मालक पाण्याचा पेला घेऊन उभे होते.

"मध्ये... थांबला नाहीत?"

"नाही."

"दम?"

"नाही लागला."

मालकीणबाई पायरीवर बसून पाणी प्यायल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदा नीट बघितलं. "म्हणजे या वेळी खरंच सोडलीत तर."

मालकांचा चेहरा खुलला. "मग आता नाही ना भांडणार?"

"भांडणार तर आहेच," त्या पेला परत देत म्हणाल्या. "जरा दम खाऊ द्या."