केरबा अस्वलाची चकचकीत जमीन

एका जंगलात, बालमित्रांनो, जिकडे बघाल तिकडे लाकूडच लाकूड होतं. साग होता, ऐन होता, शिसवही होता. आणि त्या जंगलात राहणाऱ्या केरबा अस्वलाला हवी होती लाकडासारखी दिसणारी जमीन. हसू नका. तुमच्या घरी काय आहे ते मला ठाऊक आहे.

केरबाची गुहा तशी छान होती. जमीन मातीची आणि मातीखाली वाळवीचं भलंमोठं वारूळ. भूक लागली की केरबा आणि त्याची बायको हौसाबाई नखांनी जरा उकरायची, फू करून धूळ उडवायची आणि सूं करून वाळवी ओढायची. अगदी गरमागरम.

पण केरबाच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि व्याही पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होते. व्याही पडले टेकडीवरचे. केरबाने आपल्या मातीच्या जमिनीकडे पाहिलं आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"लेकीला सासरी मान हवा असेल तर लॅमिनेट हवंच," तो म्हणाला.

"आणि व्याह्यांना जेवायला काय?" हौसाबाईने विचारलं.

"आधी जमीन तर होऊ दे!"

फ्लोरिंगचं दुकान रंगनाथ सरड्याचं होतं. तो नमुने दाखवत नसे, स्वतःच नमुना होत असे.

"हा बघा वॉलनट," म्हणत तो तपकिरी झाला. "हा ओक," म्हणत पिवळट झाला. "आणि हा ग्रे. टेकडीवर सध्या हाच चालतो. पण तुमच्या अंगाच्या रंगाला ओक खुलून दिसेल."

"सागाचा नाही का?" केरबाने विचारलं.

"सागाचं काय कौतुक, केरबाशेठ? साग तुमच्या दारात फुकट उभा आहे."

केरबाला हे एकदम पटलं.

"ओक म्हणजे कुठलं हो झाड?" हौसाबाईने विचारलं.

"झाड नाही वहिनी, शेड," सरडा म्हणाला. "आणि गॅरंटी अशी, की खालून एक वाळवी वर येणार नाही. जन्मात नाही."

हौसाबाईने केरबाचं कोपर ओढलं. "अहो, ऐकलंत का? मग आपण..."

"थांब गं. ते गॅरंटीबद्दल बोलतायत."

सुतारपक्षी फिटिंगला आला. त्याने आधी फोम अंथरला. त्यावर ओकच्या पट्ट्या एकीत एक टकटक अडकवत नेल्या. भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडली, कारण पट्ट्या फुगतात. त्या फटीतून एक वाळवी डोकावली. हौसाबाईला भरून आलं. तेवढ्यात सुतारपक्ष्याने फटीवर स्कर्टिंगची पट्टी ठोकली.

जमीन झाली, आणि काय जमीन! केरबाला तिच्यात स्वतःचं थोबाड दिसत होतं. नखांचे ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने चारी पायांत मोजे चढवले. चालायला गेला की तो घसरत समोरच्या भिंतीला धडकायचा. मग तिथून परत यायचा. पण आनंदात.

पलीकडच्या गुहेत त्याची ठकूआत्या राहायची. तिची जमीन मातीची, पाय मातीचे आणि बोलणंही मातीतलं. तिला केरबाने जेवायला बोलावलंच नाही.

ठरल्या दिवशी व्याही आले. दारात त्यांना मोजे देण्यात आले. विहीणबाईंनी वाकून जमिनीत आपली नथ पाहिली आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती गं उजेड पडलाय घरात!"

मग पत्रावळी मांडल्या. केरबा सवयीने वाकला. फू केलं, धूळ उडाली नाही. सूं केलं, नाकात फोमचा वास गेला. खाली मात्र खुसखुस ऐकू येत होतं. जेवण जागच्या जागी हिंडत होतं.

केरबाला दरदरून घाम फुटला. व्याही उपाशी गेले तर लेकीला आयुष्यभर ऐकावं लागेल. त्याने एका पायातला मोजा काढला. नख उगारलं. मग त्याला ती चकाकी दिसली आणि नख खाली येईना. आता त्याला अगदी रडू येणार होतं.

"काय हो," विहीणबाईंनी विचारलं, "रिकामी पत्रावळ मांडायची ही नवी पद्धत का?"

"हो," केरबा म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "नाहीतर शेड झाकली जाते."

"बघा!" विहीणबाई नवऱ्यावर डाफरल्या. "आणि आपल्याकडे नुसते खात बसतो!"

सगळ्यांनी रिकाम्या पत्रावळींना नमस्कार केला. व्याह्यांनी तर ढेकरही दिला. मंडळी खानदानी होती.

व्याही गेले. हौसाबाई "जरा पाणी घेऊन येते" म्हणून गेली. केरबाने जमीन फडक्याने पुसली, मोजे काढले आणि कुणी पाहत नाही असं बघून मागच्या बाजूने आत्याची गुहा गाठली.

आत व्याही होते. विहीणबाई होत्या. दोघांच्या मधोमध हौसाबाई होती. तिघांचीही नाकं मातीत होती आणि व्याह्यांचे मोजे चिखलाने बरबटले होते.

"ये रं केरबा," ठकूआत्या म्हणाली. "पाय पुसू नगंस. बस आन् वड."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. केरबा निमूट बसला. फू. सूं. पहिली वाळवी जिभेवर आली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

बऱ्याच वेळाने व्याह्यांनी डोकं वर काढलं, नाकावरची माती पुसली.

"जमीन मात्र झकास हं तुमची," ते म्हणाले. "आम्हीही तीच घालून घेतोय. झाली की जेवायला या."

"येणारच!" केरबा भरल्या तोंडाने म्हणाला. "तिकडे तुमची कुणी आत्या आहे ना?"

तात्पर्य: जमीन नेहमी पाहुण्यांचे डोळे दिपतील अशीच घालावी. फक्त एक मागासलेली आत्या हाकेच्या अंतरावर राखून ठेवावी.