हाजीसेठच्या दुकानाचा पत्ता

हैदराबादेत काय कुठं घ्यावं हे ठरवायचं, तर डोंगरकडा गावच्या माणसाला आधी मुंजाजी खिल्लारेंच्या ओट्यावर येऊन बसावं लागे. लग्नाचा बस्ता असो, अत्तराची कुपी असो, नाहीतर नुसतं शहर बघून यायची हौस असो. नांदेडला गाडीत बसायच्या आधी माणूस मुंजाजींकडे येऊन जाणारच. मुंजाजी मलेरिया खात्यात होते. पाठीवर पंप बांधून गावोगाव फिरायचं, घराच्या भिंतीवर औषध मारायचं आणि दाराशेजारी तारीख घालायची, हे त्यांचं काम. पण हैदराबादचा विषय निघाला की हा पंपवाला माणूस एकदम जहागीरदारासारखा मांडी ठोकून बसे.

"चारमिनारकडं पाठ करायची," ते सांगत. "सरळ चालायचं. डाव्या हाताला दगडी कमानी लागतेत. सातवी कमान, हाजीसेठचं दुकान. दुसऱ्या दुकानात पाय ठेवायचा न्हाई. मुंजाजीनं धाडलं म्हनायचं, बस."

लोक जात, माल घेऊन येत आणि मुंजाजींचं नाव काढत. मागच्या सालीच सोसायटीचे चेअरमन अमृतराव शालजोडी घेऊन आले होते. चावडीवर चारचौघांत त्यांनी सांगितलं की, मुंजाजीचं नाव काढताच हाजीसेठ गादीवरून उठले आणि त्यांनी आपल्या हातानं चहा पाजला. त्या दिवशी मुंजाजींना पाठीवरचा पंप कापसाच्या पिशवीसारखा हलका लागला.

आता खरी गोष्ट सांगितली पाहिजे. मुंजाजींनी हैदराबादचा बाजार कधी पाहिलाच नव्हता.

वीस वर्षांमागं, आपला मुलूख हैदराबाद राज्यात होता तेव्हा, खात्यानं त्यांना चाळीस दिवसांच्या ट्रेनिंगला तिकडं धाडलं होतं. तिसऱ्याच दिवशी त्यांना हुडहुडी भरली. मलेरिया घालवायला शिकायला गेलेल्या माणसाला मलेरियानंच धरलं! दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक म्हातारा मुनीम होता. पडल्या पडल्या त्याला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तो मुंजाजींना अख्खा बाजार गल्लीगल्लीनं सांगत राही. मुनीम हाजीसेठच्या पेढीवरचा, त्यामुळं त्याची प्रत्येक गल्ली हाजीसेठच्या दुकानाशीच येऊन थांबे. मुंजाजी बरे झाले तेव्हा ट्रेनिंग संपलं होतं. खात्याच्या गाडीनं त्यांना दवाखान्याच्या फाटकातून उचललं आणि स्टेशनात सोडलं. चारमिनार त्यांनी पाहिला तो सिगारेटच्या पाकिटावर.

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी जे ऐकलं होतं तेच सांगितलं. फक्त 'ऐकलंय' एवढा एक शब्द घालायचा राहून गेला, आणि पुढं वीस वर्षांत तो घालायला जागाच सापडली नाही.

तर अशा सुखात चाललेल्या संसारात एके दिवशी पुसेगावहून सिंधूबाई आल्या. सिंधूबाई म्हणजे मुंजाजींच्या बायकोची, पंचफुलाबाईची थोरली बहीण. त्यांच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं होतं, मुलगा शाळेवर मास्तर होता. सिंधूबाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच जाहीर केलं, की घरात हैदराबादचा एवढा जाणता माणूस असताना बस्ता दुसरीकडं बांधला तर लोक नावं ठेवतील. नवरीची साडी आणि बांगड्या हैदराबादहूनच यायच्या, आणि दाजींनी स्वतः बरोबर यायचं.

मुंजाजींनी रजा मिळत नाही असं सांगून पाहिलं, ऊन फार आहे असंही सांगून पाहिलं. शेवटी तर तिकडचं पाणी बायकांना बाधतं असं म्हणाले. पंचफुलाबाईनं शांतपणे विचारलं, "आवो, पाणी बाधतंय तर तुमी चाळीस दिस काय पेत होते?" मुंजाजींनी रजेचा अर्ज लिहिला.

मग तिघं निघाले. काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरून सकाळी चारमिनारपाशी आले तेव्हा दोघी बहिणी माना वर करून बघतच राहिल्या. मुंजाजी मात्र घामानं थबथबले होते. सिगारेटच्या पाकिटावर चारमिनारची एकच बाजू होती. इथं त्याला चार बाजू होत्या, चारी सारख्या आणि चारी बाजूंनी रस्ते. पाठ करायची हे त्यांना माहीत होतं. कोणत्या बाजूनं करायची, हे मुनिमानं सांगितलं नव्हतं.

"ह्या अंगानं," ते ठामपणे म्हणाले आणि समोर दिसेल त्या रस्त्याला लागले. कमानी लागल्या नाहीत. सातव्या दारात चपलांचं दुकान निघालं. मुंजाजी म्हणाले, की आधी तुम्हाला बाजार दाखवावा म्हणून मुद्दाम इकडून आणलं. परत फिरून त्यांनी दुसऱ्या बाजूला पाठ केली. तिकडंही कमानी नव्हत्या, पण सातवं दुकान साड्यांचं होतं. गादीवर मेंदीच्या दाढीचे एक म्हातारे दुकानदार बसले होते. सिंधूबाई पायरी चढल्याच. मुंजाजींनी आपली उर्दू बाहेर काढली.

"सफेद साडी चाहिए. एकदम अच्छी."

"किसके वास्ते, मियां?"

"बच्ची के वास्ते. अठरा साल की है."

आता, आमच्याकडं बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, हे त्या दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? त्यांच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या साडीतली अठरा वर्षांची पोर आली. हातातला गज त्यांनी खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कब हुआ?"

"अभी कहां हुआ. अगले इतवार को होनेवाला है. ग्यारा बजे."

"होनेवाला है?"

"तारीख पक्की है. शामियाना बोल दिया, बाजा बोल दिया. पूरा गांव आ रहा है."

दुकानदार गादीवरून अर्धे उठले. "और लडकी को मालूम है?"

"मालूम? दो महिने से दिन गिन रही."

"और वो बिचारा? उसकी तबियत कैसी है?"

"तबियत को क्या होता? तंदुरुस्त है. मास्टर है."

दुकानदारांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. दोघांनी मिळून आधी मुंजाजींकडं पाहिलं, मग बायकांकडं, मग रस्त्यावर कुठं पोलीस दिसतो का ते पाहिलं. पंचफुलाबाईला उर्दू येत नव्हती, पण माणसाचं तोंड वाचता येत होतं. ती म्हणाली, "आवो, लग्न म्हना की. तुमी लग्न म्हनलेच न्हाई."

"शादी," मुंजाजी म्हणाले. "शादी है."

म्हाताऱ्यानं जो श्वास सोडला, त्यानं समोरच्या घडीचा पदर हलला. मग तो इतका हसला की डोळे पुसायला त्याला नमुन्याचं कापड घ्यावं लागलं. तिघांना सरबत आलं. आतल्या कपाटातून त्यानं एक रेशमी साडी आणली. दुधासारखी पांढरी, काठाला बारीक जर. सिंधूबाईंनी दोन्ही हातांनी ती मांडीवर घेतली आणि काठावरून बोट फिरवलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात अंगावर मागून आणलेलं लुगडं होतं.

इथं मुंजाजींनी गप्प राहायचं होतं. पण वीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "हाजीसेठकडं ह्याच्यापरीस चांगली भेटंल."

सिंधूबाईंनी साडी हळूच खाली ठेवली. दाजी म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं म्हणून त्या उठल्या. मुंजाजी मागोमाग पायरी उतरले. त्या बाईनं आपल्यासाठी एवढी साडी सोडली आणि आपण तिला कुठं नेणार? पण आता पाऊल मागं घेणं त्यांच्यानं झालं नाही.

तिसऱ्या बाजूला टांग्यांचा अड्डा होता. घोड्यांच्या मधून वाट काढताना पंचफुलाबाईचा पदर एका घोड्यानं चावून पाहिला. चौथ्या बाजूला मात्र थोडं चाललं आणि खरोखरच दगडी कमानी लागल्या. मुंजाजींच्या अंगावर काटा आला. त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. सातव्या कमानीत एक माणूस शिलाई मशीन उघडून बसला होता. समोर बाकावर बुरख्याची जाळी वर टाकून एक म्हाताऱ्या बाई आपलं मशीन दुरुस्त व्हायची वाट बघत होत्या.

मुंजाजींनी हाजीसेठचं नाव काढलं. मशीनवाला मान वर न करता म्हणाला, "यहींच थी उनकी दुकान. परसों बंद कर दिए."

मुंजाजींना त्याच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. त्यांनी तोंड जमेल तेवढं पाडलं आणि बायकांना सांगितलं, की दुकान परवाच बंद झालं. दोन दिवस आधी आलो असतो तर!

विषय इथं संपायला हवा होता. पण सिंधूबाई पुसेगावच्या, एवढ्यानं हटणाऱ्या नव्हेत. परवा दुकान बंद झालं तर माल अजून घरात पडलेला असणार, असा त्यांनी हिशोबी विचार केला आणि मशीनवाल्याला सरळ हाजीसेठच्या घराचा पत्ता विचारला.

"घर को जाके क्या करते, अम्मा," तो म्हणाला. "उनो तो गुजर गए."

"कवा?"

"परसों."

सिंधूबाई मटकन पायरीवर बसल्या. ज्या दिवशी दुकान बंद केलं त्याच दिवशी माणूस गेला! पंचफुलाबाईनं पदर डोळ्याला लावला. मग तिनं मशीनवाल्याच्या लोटीतलं पाणी मागून नवऱ्यापुढं धरलं आणि सांगितलं, की आता त्यांच्या घरी जाऊन चार माणसांत बसून यायलाच पाहिजे. एवढी तुमची ओळख, तुमचं नाव काढताच उठून उभा राहणारा माणूस. मुंजाजी पाणी प्यायले. न पाहिलेल्या माणसाच्या घरी, न पाहिलेल्या लेकरांपुढं आता रडावं लागणार होतं, आणि रडू तर त्यांना खरंच येत होतं.

बाकावरच्या म्हाताऱ्या बाई, मशीनवाला त्यांना खाला म्हणजे मावशी म्हणे, इतका वेळ हे बघत होत्या. त्यांनी सिंधूबाईंना जवळ बोलावलं आणि काय झालं ते विचारून घेतलं. मग त्या पोट धरून हसल्या.

"अगे अम्मा, हमारे यहां कल छोडके जो बी हुआ वो सब परसों. मेरी शादी बी परसोंच हुई, अब पोती की हो रई. हाजीसेठ को जाके पंद्रा-सोला साल हो गए."

मशीनवाल्याचा तेलाचा डबा तेवढा टक् टक् वाजत होता. पंचफुलाबाईनं पदर डोळ्यावरून काढला आणि नवऱ्याकडं रोखून पाहिलं.

"मग मागच्या साली," ती सावकाश म्हणाली, "अमृतरावांला चहा कोनी पाजला?"

मुंजाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अमृतराव इथं आलेच नव्हते, नाहीतर येऊन, चारी बाजूंना पाठ करून हात हलवत परत गेले होते. शालजोडी नांदेडची! आणि अमृतरावच कशाला, गेल्या पंधरा वर्षांत जे जे हाजीसेठचा नमस्कार घेऊन आले ते सगळेच. मुंजाजींना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. एवढं धादांत खोटं लोक बोलतात तरी कसं, हे त्यांना कळेना.

पुढची खरेदी त्यांना विचारून झाली नाही. खालांनी मशीन तिथंच सोडलं आणि दोघी बहिणींना आपल्यासोबत घेतलं. दर्शनी दुकानात शिरू नका, मागच्या गल्लीत चला. पहिल्यांदा सांगेल त्या भावाला हसा. बांगडी हातात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, अशा गोष्टी त्या चालता चालता सांगत होत्या. एकीची दख्खनी, दोघींची मराठी, पण कुठं अडत नव्हतं. हिरव्या, पिवळ्या, चमकीच्या काचेच्या बांगड्या निघाल्या. मग सगळ्या परत त्या मेंदीच्या दाढीच्या म्हाताऱ्याकडं गेल्या. त्यानं ती पांढरी साडी बाजूलाच काढून ठेवली होती. बायका पुन्हा येणार हे त्याला ठाऊक होतं, असं तो म्हणाला. मुंजाजी बाहेर पायरीवर चपला राखत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तिघांना जागा मिळाली. बहिणी खालांच्या गोष्टी काढून हसत होत्या. कुणी रागवत नाही, टाकून बोलत नाही, हे मुंजाजींना सोसवेना. निजामाबाद गेल्यावर त्यांनी मन घट्ट केलं. एकदाचं सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून ते उभेच राहिले आणि बोलायला लागले. त्यांच्या रिकाम्या जागेवर सिंधूबाईंनी मांडीवरचं गाठोडं ठेवलं. हुडहुडी सांगितली, खाट सांगितली, मुनिमाचा मोडका पाय सांगितला. सिगारेटचं पाकीटही सांगितलं. समोरच्या बाकावरचे दोन तेलंगी शेतकरीसुद्धा शब्द न कळता ऐकायला लागले.

"मी बाजार बघितलेला न्हाई," मुंजाजी शेवटी म्हणाले. "आक्का, मी तुमची माफी मागतो." आणि वीस वर्षांचं ओझं उतरवून ते मागं धपकन बसले.

बुडाखाली बारीक काचेचा कुरकुराट झाला.

पंचफुलाबाईनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, खालचं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं आणि वरून चाचपलं. आत बांगडीचा एकही गोल लागला नाही. मुंजाजींना वाटलं, आता बोलणी खावी लागणार, आणि तेच बरं. पण दोघी बहिणींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि सिंधूबाईंच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं.

"लग्नाला आजून आठ दिस हायत," त्या म्हणाल्या. "बुधवारी जाऊन येऊ. खालानं रंगीत नक्षीच्या मिनाकारी डब्या दाखवते म्हनलं व्हतं, त्या बी ऱ्हाऊन गेल्या."

"मी रजा काढतो," मुंजाजी घाईघाईनं म्हणाले.

"तुमी कशाला, दाजी?" सिंधूबाई मायेनं म्हणाल्या. "तुमी घरीच ऱ्हावा. आमाला रस्ता म्हाईत हाय."

मुंजाजी पुन्हा बसायला लागले, तशी पंचफुलाबाईनं त्यांच्या धोतराला चिकटलेला हिरवा तुकडा चिमटीत काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "आन् नांदेड येईस्तोर आता उभेच ऱ्हावा."

ते उभे राहिले.