युद्ध चालू ठेवा, ठमी झोपलीय

ठमीच्या आईची मुलाखत दुपारी होती आणि ती संपेपर्यंत ठमीला झोपलेली ठेवणं, एवढं एकच काम ठमीच्या बाबाकडे होतं. आई नकाशे काढायची. ठमी झाल्यापासून ती घरीच होती आणि आताशा तिला दुपट्यावरच्या डागांतही खंड आणि बेटं दिसू लागली होती. ही नोकरी तिला हवीच होती.

“रडण्याचा आवाज आला तर बघ हं!” लॅपटॉप उघडता उघडता तिने दम भरला.

“तू निर्धास्त बस. बंदूक तयार आहे.”

बंदूक म्हणजे हातात मावणारा गेमचा कन्सोल. बाबाने अंगाई म्हटली की ठमी भोकाड पसरायची, आणि त्यात तिची चूक नव्हती. एकदा वैतागून त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि अनोळखी माणसाशी ऑनलाइन लढाईचा खेळ लावला. दोन फैरी झडल्या नि ठमी गाढ झोपली! तेव्हापासून घरात रोज दुपारी युद्ध पेटायचं. अडचण एकच होती. कुणी मेलं की खेळ संपायचा, विजयाचं बिगुल वाजायचं आणि दोन्ही खेळाडूंचे माइक आपोआप सुरू होऊन जिंकणारा खदाखदा हसायचा. मग ठमी टक्क जागी.

म्हणजे मरायचं नाही आणि मारायचंही नाही.

त्या दिवशी शत्रू तर देवमाणूसच भेटला. पडद्यावरच्या ओसाड गावात पिवळं ऊन पडलं होतं, एका खिडकीचा पडदा हलत होता आणि हा गडी चौकात उभा राहून पाण्याच्या टाकीवर संथपणे गोळ्या झाडत होता. बाबाही समोरच्या भिंतीवर झाडू लागला. ठॅक, ठॅक, ठॅक. ठमीचा ऊबदार श्वास मानेवर येत होता. खोलीतला पडदाही तसाच हलत होता. आपण या खोलीत आहोत की त्या चौकात, हे बाबाला नीटसं कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना. इतकं सुख त्याला बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

तेवढ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकली. चार्जर आईच्या टेबलाखाली होता.

बाबा डाव्या खांद्यावर ठमी आणि उजव्या हातात युद्ध घेऊन, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून गुडघ्यांवर चालत खोलीत शिरला. चार्जरची वायर होती वीतभर. त्यामुळे तो टेबलाखालीच बसला. ठॅक, ठॅक.

“तुमच्याकडे काही फुटतंय का?” लॅपटॉपमधल्या बाईंनी विचारलं.

आईचा पाय बाबाच्या बरगडीत बसला.

“नाही मॅडम. माझे मिस्टर मुलीला झोपवताहेत.”

“गोळ्या घालून?”

“अंगाई चालत नाही तिला.” आईचा आवाज रडवेला झाला. नोकरी गेली, हे तिने मनाशी धरूनच टाकलं.

पलीकडे बाईंनी डोळ्यांखालची काळी वर्तुळं चोळली. मग बाई हळूच म्हणाल्या, “झोपते पण? नशीबवान आहात. सोमवारपासून या.”

लॅपटॉप मिटला. आई टेबलाखाली वाकली. तिचा चेहरा इतका फुलला होता की बाबा बघतच राहिला.

“मिळाली!” ती कुजबुजली. “आण इकडे. आज मलाही काहीतरी उडवू दे.”

“अगं, त्याला नको, तो बिचारा—”

पण वर्षभर घरात कोंडलेल्या बाईला कोण अडवणार? चौकात उभ्या त्या भल्या माणसावर तिने नेम धरला. पहिल्याच गोळीत तो आडवा.

बिगुल वाजलं. ठमीने डोळे उघडले, आईबाबांना टेबलाखाली पाहिलं आणि टाहो फोडला.

पण रडण्याचे आवाज दोन येत होते. बाबाने ठमीकडे पाहिलं, मग कन्सोलकडे. दुसरं बाळ कन्सोलमधून रडत होतं.

“अहो, काय केलंत हे!” तिकडून एका पुरुषाचा थकलेला आवाज आला. “आत्ता कुठे डोळा लागला होता हो तिचा!”

आईने जीभ चावली.

“चुकलं आमचं,” बाबा म्हणाला. “परत लावू?”

“लावा, लावा. आणि या वेळी कुणीही जिंकायचं नाही.”