चंपाचं शेपूट

परतवाड्यात वरात निघाली की आमचे सुखदेवराव रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहतात आणि कडक सलाम ठोकतात. नवरदेव बिचारा फेटा सावरत वरून हात जोडतो. सलाम त्याला नसतो, घोडीला असतो. बँड पुढे गेला की सुखदेवराव म्हणतात, "घोडी चांगली होती, गुरुजी. वरचं वजन जरा बेकार होतं."

सुखदेवराव फौजेतले निवृत्त हवालदार, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. माणसाची पारख ते पायांवरून करतात. माझ्या जावयाला पहिल्यांदा पाहून म्हणाले, "पोरगा मजबूत हाये. चढावर दम नाही सोडणार." दरवर्षी बँकेत हयातीचा दाखला द्यायला मी त्यांच्याबरोबर जातो. फौजेतला नंबर विचारला की छाती काढून सांगतात, "तीनशे सतरा!"

"काका, हा तुमचा नंबर नाही," काउंटरवरची मुलगी म्हणते.

"माहा कुठी हाये? चंपाचा हाये."

"काकूंचा का?"

"खच्चर होती ना बाई! खुरावर लिहेल होता."

स्वतःचा नंबर त्यांना चिठ्ठीवर पाहावा लागतो.

एकाहत्तरच्या लढाईत सुखदेवराव बर्फाच्या डोंगरात खेचरांवरून दारूगोळा पोचवत. एकदा परतताना धुक्यात वाट हरवली, वरून तोफगोळे पडत होते. चंपाने वाट काढली. हे तिचं शेपूट धरून खाली आले. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी ही हकीकत मला सांगितली. मी मराठीचा शिक्षक. शेपूट धरून परत आलेला वीर छापायचा कसा? मी शेपूट काढलं आणि त्यांच्या हाती मशीनगन दिली. चंपाला एक ओळही ठेवली नाही. ती मशीनगन माझी होती, हे आज लिहून ठेवतो.

अंक वाचून ते एवढंच म्हणाले, "लय सुंदर छापलं, गुरुजी." मग दर पंधरा ऑगस्टला शाळा त्यांना बोलावू लागली. ते माझाच लेख, माझ्या स्वल्पविरामांसकट, तोंडपाठ म्हणत. पोरं टाळ्या वाजवत. मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसे. एकदाही उठून बोललो नाही.

गेल्या महिन्यात नातीने मला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं. त्यांचं वय झालं, माझंही. फोन घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. सुखदेवरावांनी घसा साफ केला. "शत्रूने चहूबाजूंनी वेढले असता..."

"ते माझं आहे. तुमचं सांगा."

"काहून? तुमी खोटे पडसान ना."

"म्हणून एवढी वर्षं?"

"लेकरायपुढे मास्तरच खोटा पडला तं त्याईनं शिकावं कोणाजवळ? मले काय, वर्षातून एक दिवस बंदूक चालवतो."

"पडू द्या मला खोटं, सुखदेवराव."

 त्यांनी उजवी मूठ आवळून पुढे धरली आणि ते बोलू लागले. गोष्टीतला डोंगर उतरून होईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

"आणि चंपा?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी मले ताप होता. दुसऱ्यासंग वर पाठवली. थे जाये ना. मागं वळू वळू पाहे. मीच म्हटलं, जा." मूठ उघडली. "आलीच नाही."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. त्यांनी फोन मागून घेतला, कानाला लावला आणि स्वतःचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"नंबर राहिला," ते म्हणाले.

मी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. गुडघ्यावर हात टेकत सुखदेवराव उठले, ताठ उभे राहिले, आणि मग त्यांनी तो सांगितला.